माप घेऊन शिवलेले औषध

तापाची एक साधी गोळी घ्या. औषधाच्या दुकानात ती रुपया-दोन रुपयांना मिळते. ती इतकी स्वस्त कशी, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. किमतीची चौकशी आपण करतो ती महाग वस्तूंच्याच बाबतीत! आज मात्र सुरुवात या स्वस्त गोळीपासूनच करू या. एका अतिशय महाग औषधाचे कोडे सोडविण्याची किल्ली तिच्यातच आहे.

कारखान्यात एकाच मिश्रणातून लाखो गोळ्या एकदम पाडल्या जातात. भजी तळताना आपण घाणा म्हणतो, तसा हा गोळ्यांचा एक घाणा समजा. त्यातल्या मोजक्या गोळ्या काढून प्रयोगशाळेत तपासतात. औषधाचे प्रमाण बरोबर आहे ना, जंतू नाहीत ना, हे पाहतात. त्या ठीक निघाल्या की उरलेला सारा घाणा विक्रीस मोकळा होतो. समजा, या तपासणीला एक लाख रुपये लागले आणि घाण्यात पाच लाख गोळ्या होत्या. मग एका गोळीवर तपासणीचा बोजा किती पडला? अवघे वीस पैसे!

आता असा घाणा डोळ्यांसमोर आणा, की ज्यात एकच गोळी आहे. तीही एकाच रोग्याच्या नावाची. दुसऱ्या कोणाला ती चालणार नाही. तपासणी तर तितकीच काटेकोर हवी. म्हणजे लाख रुपयांचा सगळा बोजा त्या एका गोळीवर. शिवाय तपासणीत जे वापरले जाते ते वाया जाते, म्हणून त्या गोळीचाच एक तुकडा मोडून तपासणीला द्यावा लागणार. आणि तपासणीत काही उणे निघाले तर? दुसरी गोळी शिल्लक नाही. रोगी मात्र वाट पाहत पडलेला.

हे काल्पनिक कोडे नव्हे. अशी औषधे आज प्रत्यक्षात आहेत, आणि ती जिवंत आहेत. माणसाच्या पेशी हेच त्या औषधांचे द्रव्य होय.

पेशींचा औषध म्हणून उपयोग ही गोष्ट तशी नवी नाही. अपघातात सापडलेल्या माणसाला आपण रक्त देतो, तेव्हा त्याला दुसऱ्याच्या तांबड्या पेशीच देत असतो. १९०१ मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध लावला आणि हे काम निर्धोक होण्याचा मार्ग खुला झाला. पुढची पायरी अस्थिमज्जेची. हाडांच्या पोकळीतील या मऊ भागात रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी असतात. निरोगी माणसाच्या अशा पेशी रोग्याला देण्याचे तंत्र अमेरिकेतील डॉ. डोनॉल थॉमस यांनी विकसित केले. त्याबद्दल १९९० चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. आपल्या देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रोगी होती रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेली एक लहान मुलगी, आणि दाता होता तिचा भाऊ.

या दोन्ही उपचारांत पेशी एका शरीरातून निघून जवळजवळ जशाच्या तशा दुसऱ्या शरीरात जातात. काम रक्तपेढीचे आणि डॉक्टरांचे. तेथे कारखाना नाही, म्हणून कंपनीही नाही. पेशी शरीराबाहेर काढून, तिच्यात काही बदल करून, तिची संख्या वाढवून मग परत द्यावयाची, असे ठरले की मात्र कारखाना लागतो. कारखाना आला की भांडवल, भाडे, पगार आणि नफातोटा आलाच. पेशींच्या औषधाची व्यापारी कहाणी येथून सुरू होते. तिची सुरुवात एका दिवाळखोरीने झाली आहे, असे म्हटले तरी चालेल.

अठरा तासांची पिशवी

डेंड्रिऑन ही अमेरिकेतील एक कंपनी. पुरस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगावर तिने 'प्रोव्हेंज' नावाचे औषध काढले. एप्रिल २०१० मध्ये त्यास सरकारी मान्यता मिळाली. रोग्याच्या रक्तातून काही संरक्षक पेशी काढावयाच्या, त्यांना कारखान्यात एका विशिष्ट प्रथिनाच्या सहवासात ठेवून कर्करोगाच्या पेशीची ओळख 'शिकवावयाची', आणि पुन्हा त्याच रोग्याच्या शिरेतून त्या सोडावयाच्या. तेथे त्या बाकीच्या संरक्षक पेशींना चेतवतात. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने असे तीन वेळा. चाचण्यांत या औषधाने रोग्यांचे आयुष्य सरासरी चार महिन्यांनी वाढल्याचे दिसले. किंमत ९३,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने चाळीस लाख रुपयांवर.

आता या औषधाच्या वाहतुकीकडे पाहा. रोग्याच्या पेशी निघाल्या की त्या विमानाने कारखान्यात पोहोचल्या पाहिजेत. काम झाल्यावर भरलेली पिशवी १८ तासांच्या आत रोग्याच्या शरीरात गेली पाहिजे, नाहीतर औषध फुकट! वादळामुळे विमान अडले, रोग्याला अचानक ताप आला, रस्त्यात गाडी खोळंबली, यांपैकी काहीही चालणार नाही. गोळीची बाटली दुकानात दोन वर्षे धूळ खात पडली तरी बिघडत नाही. येथे गोदाम हा शब्दच निरुपयोगी.

कंपनीने तीन कारखाने उभारले. त्यांतील निर्जंतुक खोल्या आणि तरबेज माणसे रोगी येवोत न येवोत, रोज सज्ज ठेवावी लागत. दुसरी अडचण कागदावरची होती, पण तीच अधिक नडली, असे मला वाटते. औषधाचे पैसे आधी डॉक्टरांनी स्वतः भरावयाचे आणि मागाहून ते विम्याकडून वसूल करावयाचे, अशी ती पद्धत. एका रोग्यामागे ९३,००० डॉलर अडकवून ठेवण्यास किती डॉक्टर तयार होतील? ऑगस्ट २०११ मध्ये विक्रीचा अंदाज पार चुकल्याचे कंपनीने जाहीर केले आणि तिच्या शेअरची किंमत एका दिवसात दोन तृतीयांशाने घसरली. त्याच सुमारास याच रोगावर साध्या गोळ्याही निघाल्या. घरबसल्या पाण्याबरोबर घेण्याची गोळी आणि विमानाने ये-जा करणारी पिशवी यांत डॉक्टरांनी काय निवडले असेल, हे सांगावयास नको. नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. औषध पुढे दुसऱ्या मालकाकडे गेले.

हे औषध निकामी म्हणून बुडाले नव्हते. ते बनविण्याचा आणि पोचविण्याचा हिशेब जमला नाही, म्हणून कंपनी बुडाली.

सिंहाचे मुख, बोकडाचे धड

डेंड्रिऑन गटांगळ्या खात असतानाच अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. कार्ल जून आणि त्यांचे सहकारी याहून धाडसी प्रयोग करीत होते.

आपल्या रक्तातील श्वेतपेशींमध्ये 'टी' नावाच्या पेशी असतात. विषाणूंनी बाधलेल्या पेशी हुडकून त्यांना मारणे हे त्यांचे काम. पण कर्करोगाची पेशी आपल्याच शरीरातील असल्यामुळे पुष्कळदा टी पेशी तिला ओळखू शकत नाहीत. पोलिसाने चोराला घरचाच माणूस समजून सोडून द्यावे, तसे हे होते. तेव्हा टी पेशीच्या अंगावर चोर ओळखणारा एक नवा ग्राहक रेणू बसवावयाचा, अशी ही कल्पना. या रेणूचा बाहेरचा भाग एका प्रकारच्या प्रथिनाचा, तर आतला दुसऱ्या प्रकारच्या प्रथिनांचा. ग्रीक पुराणात सिंहाचे मुख आणि बोकडाचे धड असलेला 'कायमेरा' नावाचा प्राणी आहे. आपला नरसिंह आठवा. त्याच्यावरून या रेणूला 'कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर' असे नाव पडले. आद्याक्षरे जुळवून 'कार', आणि अशा पेशी त्या 'कार-टी' पेशी. मोटारीशी त्यांचा काही संबंध नाही!

हा रेणू तयार करण्याची सूचना देणारे जनुक टी पेशीच्या आत नेण्यासाठी एक वाहक लागतो. हे काम एक विषाणू करतो. तो एड्सच्या विषाणूच्या कुळातला आहे, हे ऐकून तुम्ही दचकाल. पण त्याची रोग निर्माण करण्याची आणि वाढण्याची शक्ती आधीच काढून घेतलेली असते. पेशीत शिरण्याचे त्याचे कसब तेवढे उरते, आणि आपल्याला हवे तेवढेच!

एप्रिल २०१२ मध्ये एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात असे उपचार मिळाले. अशा उपचारांची ती पहिली बालरुग्ण. तिच्या रक्ताचा कर्करोग औषधांना दाद न देता दोनदा उलटला होता. कार-टी पेशी दिल्यावर तिला भयंकर ताप चढला आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागला. टी पेशी कर्करोगावर तुटून पडल्यामुळे शरीरात दाह माजविणाऱ्या रसायनांचा पूर आला होता. त्यांपैकी एका रसायनाचे प्रमाण फारच वाढले आहे, असे तपासणीत आढळले. योगायोग असा की, ते रसायन आवरणारे संधिवाताचे एक औषध डॉ. जून यांना माहीत होते, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणापासून संधिवात होता. ते औषध दिले आणि काही तासांतच ताप उतरू लागला. एमिली शुद्धीवर आली ती आपल्या सातव्या वाढदिवशी. तिचा कर्करोग पुन्हा उलटला नाही. पुढे ती कॉलेजातही गेली.

'नोव्हार्टिस' या औषध कंपनीने या तंत्राचे हक्क घेतले. ३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेत 'किमरिया' या नावाने त्यास मान्यता मिळाली. चाचणीतील ६३ रोग्यांपैकी ५२ जणांमध्ये तीन महिन्यांत रोगाचा मागमूस उरला नव्हता. इतर सर्व उपाय थकलेल्या रोग्यांच्या बाबतीत हे यश थोडेथोडके नव्हे, जरी त्यांपैकी काहींचा रोग पुढे उलटला. आणि किंमत? एका मात्रेस ४,७५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे तीन कोटी रुपये.

किंमत कशाची?

तयार कपडे घेणे आणि शिंप्याकडे माप देऊन शिवून घेणे यांतील फरक तुम्हांला ठाऊक आहे. किमरिया हे माप देऊन शिवलेले औषध आहे. रोग्याचे रक्त यंत्रातून फिरवून श्वेतपेशी वेगळ्या काढतात. त्या गोठवून कारखान्यात पाठवतात. तेथे टी पेशी निवडून त्यांत विषाणूच्या साहाय्याने जनुक घालतात, काही दिवस त्यांची वाढ करतात, तपासण्या करतात, द्रवरूप नायट्रोजनच्या वाफेत पुन्हा गोठवतात आणि परत पाठवतात. या सगळ्याला तीन आठवडे लागतात. शेवटी जी पिशवी येते तिच्यात १० ते ५० मिलिलिटर द्रव असतो. वाटीसुद्धा भरणार नाही. पण लहान मुलासाठी त्यात वजनाच्या दर किलोमागे २ लाख ते ५० लाख कार-टी पेशी असतात. पिशव्यांची अदलाबदल झाली तर दुसऱ्याच्या पेशी शरीरात जाऊन प्राणावर बेतेल, म्हणून प्रत्येक टप्प्यावर नाव-नंबर ताडून पाहावा लागतो.

कच्चा मालही दर वेळी निराळा. गोळीच्या कारखान्यात येणारे रसायन ठरलेल्या शुद्धतेचे असते. येथे कच्चा माल देतो तो वर्षानुवर्षे तीव्र औषधे घेऊन खंगलेला रोगी. त्याच्या टी पेशी कधी पुरेशा निघत नाहीत, कधी वाढत नाहीत. मान्यतेनंतर पहिल्या काळात नोव्हार्टिसलाही ठरलेल्या कसोटीत न बसणाऱ्या पिशव्यांनी बरेच सतावले होते.

विणकर हजार वार कापड विणतो तेव्हा दर वाराचा खर्च उतरतो, कारण मागाची किंमत हजार वारांत वाटली जाते. पेशींच्या औषधात रोगी दुप्पट झाले की खोल्या, माणसे, तपासण्या जवळजवळ दुप्पट होतात. खर्च वाटून घ्यावयास कोणी नाही.

तरीही तीन कोटी हा केवळ उत्पादनखर्च नव्हे, हे लक्षात ठेवा. वर्षानुवर्षांच्या संशोधनाचा खर्च, अयशस्वी प्रयोगांचा खर्च आणि कंपनीचा नफा हे सगळे त्यात आले. तो नफा किती असावा, यावर अमेरिकेतच मोठा वाद झाला; कारण मूळ संशोधनाला जनतेचा पैसाही लागलेला होता. कंपनीचे म्हणणे असे की, अस्थिमज्जारोपणाला याहून अधिक खर्च येतो. महिन्याभरात गुण न आल्यास काही रोग्यांचे पैसे न घेण्याची तयारीही तिने दाखविली. दुकानदाराने माल पटला नाही तर पैसे परत देण्याची हमी द्यावी, तसाच हा प्रकार!

विमा कंपन्यांची अडचण आणखी वेगळी. मधुमेहाचे औषध रोगी जन्मभर घेतो, तेव्हा पैसेही जन्मभर थोडेथोडे जातात. एकदाच देऊन कायमचे बरे करणाऱ्या औषधाची सारी रक्कम एकदम मोजावी लागते, आणि गुण कायम टिकेल की नाही हे कळावयास मात्र वर्षे जातात. 'ब्लूबर्ड बायो' या कंपनीने थॅलसेमियावर, रोग्याच्याच मूलपेशींत जनुक घालून, असे एक औषध काढले. युरोपात किमतीवर सरकारांशी जमेना, तेव्हा २०२१ मध्ये कंपनी तेथून निघून गेली. अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली, किंमत २८ लाख डॉलर. एके काळी अब्जावधी डॉलर मोल असलेली ही कंपनी २०२५ मध्ये अगदी क्षुल्लक किमतीस विकली गेली. सिकलसेल या रक्तरोगावर पेशींच्या जनुकीय रचनेत बदल करणारे 'कॅसजेव्ही' हे औषध अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्य झाले, २२ लाख डॉलरला. म्हणजे सुमारे अठरा कोटी रुपये. सिकलसेल हा आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी बांधवांना छळणारा रोग आहे. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा.

पवई आणि खारघर

या किमती खाली येऊ शकतात का? याचे एक उत्तर मुंबईत मिळाले आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीत, प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने कार-टी पेशी येथेच बनविण्याचे काम हाती घेतले. टाटा मेमोरिअलच्या डॉक्टरांनी त्यांना साथ दिली. पहिल्या चाचण्यांसाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून सुमारे १९ कोटी रुपये मंजूर झाले. टाटा केंद्राच्या नवी मुंबईतील खारघर येथील रुग्णालयात जून २०२१ मध्ये पहिल्या रोग्याला या पेशी दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषधास मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. नाव 'नेक्सकार-१९'. बनविणारी 'इम्युनोॲक्ट' ही कंपनी आयआयटीतूनच निघालेली. गुण तपासता आला अशा रोग्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना तो आल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

खर्च कोठे वाचला, हे पाहणे मोठे बोधक आहे. जनुक वाहून नेणारा विषाणू बाहेरून विकत घेतला तर खिसा रिकामा करतो. तो या मंडळींनी स्वतः तयार केला. महागड्या स्वयंचलित यंत्रांवाचून पेशी वाढविण्याची पद्धत बसविली. कुशल माणसांचे पगार येथे कमी आहेतच. या सर्वांमुळे किंमत चाळीस लाख रुपयांच्या आसपास आली, म्हणजे परदेशातील किमतीच्या जवळजवळ एक दशांश. जानेवारी २०२५ मध्ये बंगळूरच्या 'इम्युनील' कंपनीचेही अशा प्रकारचे औषध बाजारात आले. एकाला दोन झाले की किमतीवर थोडा दाब येतो, हा बाजाराचा साधा नियम.

पण चाळीस लाख म्हणजे तरी किती? आयुष्मान भारत योजनेत एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. उरलेले पस्तीस लाख कोठून आणावयाचे? शेत विकून? एक दशांश हे यश मोठेच आहे, पण अनेक घरांच्या दृष्टीने तीन कोटी आणि चाळीस लाख या दोन्ही रकमा सारख्याच दूरच्या.

येथे एक इशारा देणे भाग आहे. खरे औषध महाग आणि दुर्मिळ असले की नकली माल विकणाऱ्यांचे फावते. 'मूलपेशींनी' गुडघेदुखीपासून अर्धांगवायूपर्यंत सर्व काही बरे करतो, अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: ठरावीक रक्तविकारांसाठी रक्तजनक मूलपेशींचे रोपण सोडले, तर मूलपेशींचा इतर कोणताही उपयोग फक्त नोंदलेल्या चाचणीतच करावयाचा, आणि त्या चाचणीसाठी रोग्याकडून पैसे घ्यावयाचे नाहीत. तेव्हा कोणी चाचणी म्हणून पैसे मागू लागला की तेथेच ओळखावे.

माप घेण्याची गरजच उरू नये, या दिशेने आता दोन प्रयत्न चालू आहेत. एक म्हणजे निरोगी दात्याच्या पेशींपासून शेकडो पिशव्या आधीच भरून ठेवावयाच्या, अगदी रक्तपेढीसारख्या. पण टी पेशी तांबड्या पेशींसारख्या गरीब नाहीत. दुसऱ्याच्या शरीरात गेल्या की त्या त्या शरीरावरच हल्ला चढवतात, किंवा ते शरीर त्यांना हुसकून लावते. म्हणून त्यांची काही जनुके कापून त्यांना आधी सौम्य करावे लागते. अशा पेशी शरीरात फार दिवस टिकत नाहीत, ही आजवरची मुख्य तक्रार.

दुसरा प्रयत्न त्याहून मजेदार आहे. पेशी बाहेर काढावयाच्याच नाहीत! जनुक वाहून नेणारा कण लसीसारखा टोचावयाचा आणि टी पेशीचे रूपांतर रोग्याच्या अंगातच घडू द्यावयाचे. मग निर्जंतुक खोली, विमान, नायट्रोजन, नाव-नंबरांची ताडणी यांतले काही नको. औषध पुन्हा बाटलीत येईल आणि घाणाही पुन्हा हजारो मात्रांचा होईल. २०२५ मध्ये मोठ्या औषध कंपन्यांनी अशा तंत्रावर काम करणाऱ्या लहान कंपन्या अब्जावधी डॉलर मोजून घेतल्या आहेत. कण नेमका टी पेशीतच शिरेल आणि भलत्या पेशीत जाणार नाही, याची खात्री कशी करावयाची, यावर त्यांचे लक्ष आहे. माणसांवरील चाचण्या अजून मोजक्याच रोग्यांवर झाल्या आहेत.